आठ पिनांचे ग्राफिक्स कार्ड, सॅटाचा कन्व्हर्टर आणि एसएमपीएसवरचे लेबल

नमस्कार. तासगावहून आपण विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी तो नीट समजून घेतला आहे की नाही हे आपल्यालाही कळेल. लग्नाच्या चित्रीकरणाच्या मिक्सिंगसाठी आपण १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड वापरलेले विकत घेतले. त्या कार्डाच्या कडेला आठ पिनांचे एक सॉकेट आहे. संगणक चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा, असेंबल केलेला आहे आणि त्यातल्या ४५० वॅट लिहिलेल्या एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीला) कार्डासाठीचे टोकच नाही. दुकानदाराने दोन सॅटा टोकांपासून (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या टोकांपासून) आठ पिना करून देणारा कन्व्हर्टर हातात ठेवला. एका मित्राने असे सुचवले की मदरबोर्डला जोडून उरलेली चार पिनांची जी मोकळी जोडी लोंबते आहे, ती थोडा जोर लावला तर कार्डात बसते. यांपैकी काय करावे, आणि विकत घेतलेल्या कन्व्हर्टरचे काय करावे, असे आपण विचारले आहे. एसएमपीएसच्या लेबलवरचे आकडेही आपण दिलेत (१२ व्होल्टला १७ अँपिअर, ५ व्होल्टला ३० अँपिअर आणि ३.३ व्होल्टला २५ अँपिअर), हे फार चांगले केलेत, कारण बरेचसे उत्तर त्या आकड्यांतच आहे.

दोन्हींपैकी काहीही करू नका. मित्राने सुचवलेला मार्ग तर अजिबात करून पाहू नका. एसएमपीएस बदला. सांगलीत वीस वर्षांहून अधिक काळ संगणक दुरुस्त करताना जी जळालेली टोके माझ्या हातात आली, त्यांतली बहुतेक ‘बसले म्हणजे जुळले’ या समजुतीतून जळालेली होती. म्हणून हे उत्तर कारणांसह लिहितो आहे. कारण कळले की पुढच्या वेळी वेगळे कार्ड आणि वेगळा एसएमपीएस समोर असतानाही आपला निर्णय आपल्याला घेता येईल.

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. टोक सॉकेटात बसते का, हा एक. आणि त्या टोकामागच्या वायरीतून, पिनांमधून व एसएमपीएसमधून लागेल तेवढा प्रवाह सुखरूप येईल का, हा दुसरा. कन्व्हर्टर फक्त पहिला प्रश्न सोडवतो. दुसऱ्याला तो हातही लावत नाही आणि वर तो प्रश्न आपल्या नजरेआड करतो. ज्या एसएमपीएसला आठ पिनांचे टोक मुळात दिलेलेच नाही, तो तयार करणाऱ्याने ग्राफिक्स कार्डाचा तेवढा भार बहुधा गृहीतच धरलेला नसतो. टोकाचा अभाव ही मी पहिली सूचना मानतो आणि तिथूनच तपासणी सुरू करतो.

मित्राच्या सल्ल्याकडे आधी वळतो, कारण त्यातला धोका तत्काळ आहे. आपल्याकडे संपूर्ण कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यामुळे एसएमपीएसच्या टोकावर ‘सीपीयू’ असे छापलेले दिसले की ते पेटीतल्या कुठल्याही भागासाठी चालत असावे असा समज होतो, आणि तो समज मी अनेकदा पाहिला आहे. प्रत्यक्षात ते टोक फक्त प्रोसेसरसाठी, मदरबोर्डवरच्या प्रोसेसरजवळच्या सॉकेटात लावायचे असते. त्यातही आठ पिना असतात, कार्डाच्या टोकातही आठ असतात आणि दोन्हींचे प्लास्टिक दिसायला भावंडांसारखे असते. पण आतली मांडणी उलटी आहे. प्रोसेसरच्या टोकात चार पिना १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या (वीज परत जाण्याच्या) असतात, आणि लॉक, म्हणजे टोक अडकवणारी पट्टी, ज्या बाजूला आहे त्या बाजूला १२ व्होल्टच्या, म्हणजे पिवळ्या वायरी येतात. कार्डाच्या टोकात १२ व्होल्टच्या पिना तीनच असतात आणि त्या लॉकच्या विरुद्ध बाजूला असतात. लॉकच्या बाजूला सगळ्या काळ्या वायरी येतात. म्हणजे प्रोसेसरचे टोक जोर लावून कार्डात बसवले, तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडवर जातो. चांगला एसएमपीएस त्या क्षणी स्वतःला बंद करून घेतो आणि माणूस थोडक्यात वाचतो. ज्याच्यात शॉर्टसर्किटचे संरक्षण नावापुरते आहे, त्याच्या बाबतीत कार्ड, वायर किंवा एसएमपीएस यांपैकी काहीतरी जाते, आणि ते कोणते हे आधी सांगता येत नाही.

ही चूक होऊ नये म्हणून पिनांच्या घरांचे आकार मुद्दाम वेगळे केलेले असतात: काही चौकोनी, काही कोपरे कापलेले. परंतु स्वस्त टोकांचे प्लास्टिक मऊ असते आणि अंगठ्याचा जोर त्याला पुरून उरतो. योग्य टोक योग्य सॉकेटात हलक्या दाबाने बसते आणि शेवटी ‘टक्’ असा आवाज येतो. त्यापेक्षा जास्त जोर लागत असेल, तर तिथेच हात काढून घ्यावा. ओळखण्याची सोपी खूण अशी की प्रोसेसरचे आठ पिनांचे टोक मधोमध चार आणि चार असे विभागते, तर कार्डाचे सहा आणि दोन असे. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, त्यामुळे पिवळ्या रंगाचा आधार नेहमी मिळत नाही; ही विभागणीची खूण मात्र सहसा दगा देत नाही. तरीही शंका राहिली तर मल्टिमीटर घ्या. मी अनोळखी एसएमपीएस आला की तो संगणकाबाहेर काढून, मदरबोर्डच्या मोठ्या टोकाची हिरवी वायर काळीला जोडून चालू करतो, काळा प्रोब ग्राउंडला ठेवतो आणि लाल प्रोबने टोकाचे एकेक घर तपासतो. कार्डाच्या टोकात लॉकच्या विरुद्ध बाजूला सलग तीन ठिकाणी १२ व्होल्ट मिळाला पाहिजे, आणि तो ११.४ ते १२.६ या मर्यादेत असला पाहिजे.

आता कन्व्हर्टरचा विचार. हा विषय थोडा सविस्तर मांडतो, कारण असा कन्व्हर्टर लावूनही संगणक चालू होतो. चालू झाला म्हणजे काम झाले, असे मग दुकानदारालाही वाटते आणि ग्राहकालाही.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. मदरबोर्डच्या लांब स्लॉटातून जास्तीत जास्त ७५ वॅट, आणि उरलेली कडेच्या टोकातून. सहा पिनांच्या टोकासाठी ७५ वॅट आणि आठ पिनांसाठी १५० वॅट ही प्रमाणित मर्यादा आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सहा पिनांच्या आणि आठ पिनांच्या टोकांत १२ व्होल्टच्या वायरी सहसा सारख्याच, म्हणजे तीन असतात. वाढलेल्या दोन पिना ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि त्यांचा उपयोग मुख्यतः कार्डाला खूण देण्यासाठी होतो: ‘समोर १५० वॅट देऊ शकणारे टोक आहे, तेवढे घ्यायला हरकत नाही.’ ही खूण मिळाली नाही, तर अनेक कार्डे पडद्यावर सूचना दाखवतात किंवा सुरूच होत नाहीत. आपला कन्व्हर्टर नेमके काय करतो? त्या दोन्ही खुणेच्या पिना तो आतल्या आत ग्राउंडला जोडून टाकतो. मागे काहीही असले, तरी कार्डाला मात्र सांगितले जाते की १५० वॅटची व्यवस्था आहे. ही खोटी साक्ष आहे, आणि कार्डाला ती खरी मानण्यावाचून पर्याय नसतो.

प्रत्यक्षात मागे काय आहे ते पाहू. सॅटाच्या वीजटोकात १५ बारीक पट्ट्या असतात. त्यांपैकी १२ व्होल्टसाठी फक्त तीन, आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे एका सॅटा टोकाचे ४.५ अँपिअर, ५४ वॅट. दोन टोकांचे मिळून १०८. आपले कार्ड १७० वॅटचे आहे. त्याने स्लॉटातून ४५ वॅट घेतले असे धरले, तरी कडेच्या टोकावर १२५ वॅट, म्हणजे दहा अँपिअरहून थोडा जास्त भार येतो. प्रत्येक सॅटा टोकाच्या वाट्याला पाच अँपिअरहून अधिक आले आणि मर्यादा तिथेच ओलांडली गेली. हा भार दोन्ही टोकांत समान वाटला जाईल याचीही खात्री नाही. ज्या टोकाचा स्पर्श चांगला, त्यातून जास्त प्रवाह जातो. याउलट आठ पिनांच्या खऱ्या टोकात १५० वॅट घेताना एका पिनेतून चार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, आणि चांगल्या प्रतीची ती पिन जवळपास दुप्पट प्रवाह सहन करू शकते. एका ठिकाणी दुपटीची सवलत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी सुरुवातच मर्यादेच्या पलीकडे होते.

त्यात आणखी एक बाब आहे, जी कॅबिनेट उघडल्याशिवाय दिसत नाही. स्वस्त एसएमपीएसमध्ये सॅटाची दोन टोके बहुधा एकाच वायरीवर ओवलेली असतात, हारात फुले ओवावीत तशी. आपण दोन टोके वापरली तरी मागे पिवळी वायर एकच असते, आणि हार्डडिस्कही तिच्यावरच असते. म्हणजे जे काम तीन वायरींनी करायचे ते एक वायर करते. कन्व्हर्टरच्या स्वतःच्या वायरी किती जाड आहेत हेही पाहावे. वायरीवर बारीक अक्षरांत जाडीचा आकडा छापलेला असतो; १८ असेल तर ती योग्य जाडीची, २० किंवा २२ असेल तर आणखी बारीक, कारण या मापात आकडा वाढला की वायर बारीक होते. काहीच छापलेले नसेल, तर ती वायर मी या कामाला वापरत नाही.

उष्णतेचे गणितही इथे आपल्या विरोधात जाते. पिनेच्या स्पर्शात जी उष्णता तयार होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. सैल बसलेल्या किंवा गंजलेल्या पिनेचा रोध वाढला, की त्याच प्रवाहात उष्णता त्या पटीत वाढते. उष्णतेने पिनेची पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो आणि हे चक्र थांबत नाही. म्हणून असा कन्व्हर्टर पहिल्या दिवशी जळत नाही. माझ्याकडे आलेल्या एका स्टुडिओच्या संगणकात तो सुमारे पाच महिने व्यवस्थित चालला होता, आणि ऐन लग्नसराईत रात्रभर रेंडर (संकलित चित्रीकरणाची अंतिम फाइल बनवण्याचे काम) लावून सगळे झोपलेले असताना वितळला. कार्ड वाचले, परंतु त्याच वायरीवरची एसएसडी गेली आणि तिच्यात तीन लग्नांचे चित्रीकरण होते. कार्ड पुन्हा विकत घेता येते. त्या कुटुंबांना काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न त्या स्टुडिओवाल्यांना कित्येक दिवस पुरला. आपण हेच काम करता, म्हणून ही घटना मुद्दाम सांगितली.

आता समजा, कन्व्हर्टर उत्तम दर्जाचा आहे आणि वायरीही जाड आहेत. तरीही आपल्या बाबतीत उत्तर बदलत नाही, आणि त्याचे कारण आपल्या लेबलवर आहे. १२ व्होल्टला १७ अँपिअर म्हणजे २०४ वॅट. ५ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे १५० वॅट, आणि ३.३ व्होल्टला २५ अँपिअर म्हणजे साडेब्याऐंशी. यांची बेरीज ४३६ होते आणि किरकोळ वाटांचे (म्हणजे एसएमपीएसमधून निघणाऱ्या इतर व्होल्टच्या पुरवठ्यांचे) काही वॅट मिळवले की ४५० हा मोठ्या अक्षरांतला आकडा तयार होतो. हा आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. आजच्या संगणकासाठी तो निरुपयोगी आहे. एके काळी प्रोसेसर ५ व्होल्टच्या वाटेवर चालत असत, तेव्हा अशी वाटणी योग्य होती. पेंटियम ४ च्या काळात प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचे चार पिनांचे वेगळे टोक आले आणि तेव्हापासून मोठा भार १२ व्होल्टवर सरकला. आज प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. उरलेल्या दोन वाटांवरचे २३२ वॅट आपल्या कार्डाच्या काही कामाचे नाहीत.

आपल्या संगणकाची १२ व्होल्टची गरज अशी मोजता येते. कार्ड १७०. आपल्या पिढीचा नेहमीचा आय-५ हा ८४ वॅटचा आहे, आणि मदरबोर्डवरच्या रूपांतरात थोडी वीज खर्च होते, म्हणून १०० धरू. पंखे आणि हार्डडिस्कची मोटर मिळून १५ ते २०. एकूण २९० वॅटच्या जवळपास, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे २४ अँपिअर. लेबल १७ सांगते. शिवाय आजची कार्डे एका सेकंदाच्या अतिशय लहान अंशात सरासरीपेक्षा बरेच जास्त खेचतात. हे इतके जाणवू लागले की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात असे क्षणिक झटके सहन करण्याची अट स्पष्टपणे घालावी लागली. त्यामुळे लेबल अगदी प्रामाणिक असले, तरी आपला एसएमपीएस या कार्डाला अपुराच आहे.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: प्रोसेसरचे टोक कार्डात लावले तर शॉर्ट होतो, सॅटाचा कन्व्हर्टर टोकाची मर्यादा ओलांडतो, आणि दोन्ही बाजूला ठेवले तरी १२ व्होल्टची वाट सात अँपिअरने कमी पडते.

परिस्थितीनुसार काय बदलते, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण हे उत्तर वाचणाऱ्या प्रत्येकाकडे आपलाच संगणक नसेल. कन्व्हर्टर ही वस्तूच वाईट आहे, असे माझे मत नाही. समजा एखाद्याचे कार्ड सहा पिनांचे आणि शंभर-सव्वाशे वॅटचे आहे, एसएमपीएस चांगला आहे व त्याची १२ व्होल्टची क्षमता पुरेशी आहे, आणि त्यात मोलेक्सची, म्हणजे जुन्या पद्धतीची मोठी चार पिनांची टोके दोन स्वतंत्र वायरींवर आहेत. अशा वेळी दोन मोलेक्सपासून सहा पिना करणारा जाड वायरींचा कन्व्हर्टर मी स्वतः लावून दिलेला आहे. मोलेक्सची पिन जाड असते आणि एवढा भार ती सोसते. सहाच्या आठ पिना करणाऱ्या जोडणीबद्दलही असेच म्हणता येईल: मागे तीन पिवळ्या वायरी असल्या आणि एसएमपीएस भक्कम असला, तर ती चालू शकते. पण काही स्वस्त सहा पिनांच्या टोकांत पिवळ्या वायरी दोनच असतात, त्या मोजल्याशिवाय हो म्हणू नये. आपल्यासारखेच कार्ड असूनही सॉकेट वेगळे असू शकते. आरटीएक्स ३०६० ची काही मॉडेल आठ आणि सहा अशी दोन सॉकेटे घेऊन येतात. त्यामुळे चिपचे नाव पाहून खरेदी न करता प्रत्यक्ष कार्डाची कड पाहावी.

मोठ्या कंपन्यांचे लिलावात आलेले ऑफिसचे डेस्कटॉप वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी असते. त्यांचा एसएमपीएस आकाराने वेगळा असतो, मदरबोर्डचे टोकही अनेकदा प्रमाणित २४ पिनांचे नसते, आणि एकूण क्षमता बऱ्याचदा दोन-अडीचशे वॅटच असते. तिथे एसएमपीएस बदलणे सोपे नसल्यामुळे मी कडेला सॉकेटच नसलेले, म्हणजे पूर्णपणे स्लॉटाच्या ७५ वॅटवर चालणारे कार्ड सुचवतो. ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचे कार्ड त्यांपैकी एक आहे. आपले कॅबिनेट असेंबल केलेले असल्यामुळे प्रमाणित आकाराचा एसएमपीएस त्यात बसेल आणि आपल्याला ही तडजोड करावी लागणार नाही.

आपल्यासाठी माझी निवड अशी राहील. या चिपसाठी कंपनीने ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे, आणि तो सल्ला मला योग्य वाटतो. पण दुकानात ५५० हा आकडा मागू नका. लेबल दाखवायला सांगा आणि १२ व्होल्टची ओळ वाचा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टला ४० अँपिअरहून अधिक असतात, म्हणजे त्याची जवळजवळ सगळी क्षमता तिथेच असते. त्यानंतर सहा-अधिक-दोन पिनांची किमान दोन टोके आहेत का ते पाहा, म्हणजे पुढे कार्ड बदलले तरी अडचण येणार नाही. ८० प्लसचे चिन्ह असावे, पण ते कशाचे प्रमाणपत्र आहे हे लक्षात ठेवावे. किती विजेची किती उष्णता होऊन वाया जाते एवढेच ते सांगते. संरक्षणाची किंवा टिकाऊपणाची हमी ते देत नाही. हमीचा काळ पाच वर्षे असेल, तर बनवणाऱ्याचा स्वतःच्या मालावर विश्वास आहे असे मी समजतो.

एक विनंती आहे. कार्ड वापरलेले घेतलेत ते ठीक, पण एसएमपीएस वापरलेला घेऊ नका. आपल्या भागात याला एक खास कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर सांगलीत पाण्यात बुडालेले कितीतरी संगणक दुरुस्तीला आले, आणि २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. त्यांतले काही एसएमपीएस धुऊन, वाळवून पुन्हा बाजारात फिरले. बाहेरून पत्रा स्वच्छ दिसतो. आत पिनांवर हिरवट थर असतो आणि कपॅसिटरच्या बुडाशी गाळाची रेघ असते. वर रोध आणि उष्णतेचे जे चक्र सांगितले, ते अशा पिनांत पहिल्या दिवसापासून सुरू असते. कार्ड वापरलेले असल्यामुळे त्याच्या सॉकेटातही टॉर्च मारून पाहा. पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकवर तपकिरी छटा, किंवा एखाद्या घराची कड वितळल्यासारखी दिसली, तर आधीच्या मालकाकडे हेच घडलेले असण्याची शक्यता आहे.

नवा एसएमपीएस बसवताना तीन-चार ठिकाणी लोक चुकतात. आपल्या मदरबोर्डवर प्रोसेसरसाठी चारच पिनांचे सॉकेट असेल, तर नव्या एसएमपीएसच्या चार-अधिक-चारमधली एक जोडी त्यात जाईल आणि दुसरी मोकळी राहील. ती मोकळीच राहू द्या. वायरींच्या मागे बांधून टाका. कार्डाच्या टोकाचे सहा आणि दोन हे भाग आधी हातात एकत्र जुळवा, त्यांची खाच एकमेकांत अडकवा आणि मग एकदमच सॉकेटात सरकवा. दोनचा भाग मागे राहिला, तर खुणेची पिन जोडली जात नाही आणि कार्ड तक्रार करते. टोक पूर्ण बसल्यावर लॉक अडकले आहे का ते बोटाने तपासा, आणि वायर हलकेच मागे ओढून पाहा.

केबली सुट्या होणारा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस घेतलात, तर त्याच्याच खोक्यातल्या केबली वापरा. हे मी ठासून सांगतो आहे. केबलीच्या कार्डाकडच्या टोकाची मांडणी प्रमाणित आहे. एसएमपीएसकडच्या टोकाची कोणतीही सर्वमान्य मांडणी नाही. एका कंपनीची केबल दुसरीच्या एसएमपीएसमध्ये अगदी अचूक बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवते. माझ्याकडे आलेल्या एका ग्राहकाने जुन्या एसएमपीएसची सॅटा केबल जागेवर तशीच ठेवून फक्त पेटी बदलली होती. दोन हार्डडिस्क एकाच क्षणी गेल्या. वापरात नसलेल्या केबलीवर मी तेव्हापासून एसएमपीएसचे नाव लिहून चिकटपट्टी लावतो.

भविष्यात मोठे कार्ड घेण्याचा विचार असेल, तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. आठ पिनांची दोन सॉकेटे असलेल्या कार्डाला, एकाच केबलीवर ओवलेली दोन टोके लावण्याऐवजी एसएमपीएसपासून निघणाऱ्या दोन स्वतंत्र केबली लावाव्यात. एकाच केबलीतून ३०० वॅट नेले, तर प्रत्येक पिवळ्या वायरीतून आठ अँपिअरहून अधिक प्रवाह जातो. दुसरी गोष्ट १६ पिनांच्या नव्या टोकाची. त्यात वीज वाहणाऱ्या पिना १२ आणि खुणेच्या चार. त्याची मर्यादा ६०० वॅटपर्यंत असते, आणि पिना मात्र आकाराने लहान. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० वर ही टोके वितळल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात खुणेच्या पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे टोक अर्धवट बसले असेल तर कार्डाला खूण मिळू नये. त्या टोकाला शेवटपर्यंत दाबणे आणि त्याच्याजवळ लगेच वायर न वाकवणे, हे पाळावेच लागते.

सगळे जोडून झाल्यावर एक चाचणी अवश्य करा. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडा. आपल्या कार्डाच्या बाबतीत तो स्लॉटातून आणि आठ पिनांच्या टोकातून किती वीज येते आहे आणि तिथे व्होल्टेज किती आहे, हे वेगवेगळे दाखवतो. संगणक शांत असताना टोकावरचे व्होल्टेज लिहून ठेवा, मग वीस मिनिटांचे खरे रेंडर लावा आणि पुन्हा पाहा. दोन-तीन दशांशांची घट चालेल; १२.१ वरून ११.५ वर आले, तर वाटेत कुठेतरी रोध आहे. त्याच वेळी टोकाच्या प्लास्टिकला बोट लावून पाहा. कोमट असणे स्वाभाविक आहे, पण बोट ठेवता येत नसेल तर संगणक बंद करून टोक काढा आणि पिना पाहा.

यूपीएसबद्दल आपण विचारलेले नाही, पण तासगावला वीज मध्येच जाते हे आपण लिहिले आहे, म्हणून हेही पाहून घ्या. आपल्याकडे सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. रेंडर चालू असताना आपला संगणक भिंतीतून साडेतीनशे वॅटच्या घरात घेईल, मॉनिटर वेगळा. म्हणजे वीज जाताच यूपीएस ओरडून बंद पडण्याचीच शक्यता जास्त. १ केव्हीएच्या खाली जाऊ नका. घर जुने असेल, तर प्लगच्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या. अर्थिंग नसेल, तर एसएमपीएस चांगला असूनही कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि लोक बिचाऱ्या नव्या एसएमपीएसला दोष देऊन तो परत नेतात.

नवा एसएमपीएस येईपर्यंत कार्ड काढून ठेवा आणि मॉनिटर मदरबोर्डच्या सॉकेटाला लावा. आपल्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर निदान कच्चे संकलन करता येईल. उरला तो कन्व्हर्टर. दुकानदार परत घेत असेल तर द्या आणि का परत करत आहात, हे शांतपणे सांगा; बहुतेकांना यातले गणित कोणी सांगितलेलेच नसते. परत घेत नसेल, तर त्याचे आठ पिनांचे टोक कापून टाका आणि मगच तो भंगारात टाका, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाला तो ड्रॉवरमध्ये सापडून पुन्हा एखाद्या कार्डाला लागणार नाही. नव्या एसएमपीएसचे लेबल विकत घेण्याआधी इथे दाखवलेत, तर मी नक्की पाहून सांगेन.